मापात न बसणारा गडी

सहा फूट एक इंच उंचीचा आणि १२९ किलो वजनाचा तरुण समोर उभा राहिला, तर आपल्यापैकी कुणीही त्याला लहानखुरा म्हणणार नाही. उलट त्याला बसायला घरातली जुनी वेताची खुर्ची द्यावी की नाही, याचाच यजमान दोनदा विचार करील. पण जगात एक धंदा असा आहे की, जिथे ही देहयष्टी पाहून जाणती माणसे हळहळतात. ‘पोरगा गुणी आहे, पण अंगाने कमी पडतो,’ असे म्हणतात आणि यादीतले त्याचे नाव चार पायऱ्या खाली सरकवतात. तो धंदा म्हणजे अमेरिकेतला व्यावसायिक फुटबॉल, आणि तो तरुण म्हणजे २०१४ साली पिट्सबर्ग विद्यापीठातून बाहेर पडलेला ॲरन डोनाल्ड.

डोनाल्डचे पुढे काय झाले, ते त्या खेळाच्या रसिकांना पाठ आहे. दहा हंगाम खेळून मार्च २०२४ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्याच्या पिढीतला सर्वश्रेष्ठ बचावपटू म्हणून त्याचे नाव घेतले जात होते. अशा गोष्टी आपल्याला आवडतात. तज्ज्ञ चुकले, लहान जिंकला, टाळ्या वाजल्या! पण टाळ्या वाजवून गोष्ट मिटवली, तर तिच्यातला खरा प्रश्न तसाच राहतो. एका डोनाल्डमागे त्याच उंचीची, त्याच वजनाची कितीतरी मुले दरवर्षी महाविद्यालयातून बाहेर पडतात आणि व्यावसायिक मैदानावर टिकत नाहीत. त्यांच्याबाबत तज्ज्ञ चुकलेले नसतात. मग एकवीस-बावीस वर्षांचा असा मुलगा समोर उभा असताना प्रामाणिक परीक्षकाने नेमके काय पाहावे?

त्यासाठी आधी हा खेळ थोडा समजून घेऊ. नावात फुटबॉल असला, तरी यात पायापेक्षा हाताचे आणि खांद्याचे काम अधिक. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. ते जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. या आक्रमणाचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हाती येतो. तो लांब फेकायचा की जवळच्या गड्याच्या हाती देऊन त्याला पळवायचे, हे त्याच्याकडून ठरते. त्याच्या रक्षणासाठी पुढे पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी असते. एकेकाचे वजन १४० किलोंच्या आसपास. या भिंतीसमोर दोन-चार हातांच्या अंतरावर वाकून उभे असतात ते बचाव करणाऱ्या संघाचे लाइनमन. भिंत फोडून क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच खाली पाडले, तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. दोघांनी मिळून पाडले, तर प्रत्येकाच्या खात्यावर अर्धा-अर्धा सॅक. म्हणूनच या खेळाच्या आकडेवारीत साडेअकरा, साडेवीस असे अपूर्णांक दिसतात.

आता कुस्तीत वजनी गट असतात. सत्तावन्न किलोच्या पहिलवानाला कुणी सव्वाशे किलोच्या गड्यासमोर उभे करीत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये ही दयामाया नाही. समोर येईल तो आपला! त्यातही भिंतीच्या मधोमध खेळणाऱ्या ‘डिफेन्सिव्ह टॅकल’वर अनेकदा दोघे मिळून चालून येतात. तेव्हा त्याने मागे रेटले जायचे नाही. जागा सोडली, तर त्या फटीतून चेंडू घेऊन पळणारा गडी निघून जातो. म्हणून निवड करणारे वजन पाहतात. हात लांब असले, तर समोरच्याचे हात आपल्या छातीला लागण्याआधी आपले त्याच्या छातीला लागतात. म्हणून ते हाताची लांबी मोजतात. शिवाय हंगाम मोठा, आदळआपट रोजची. हलके शरीर ती किती सोसेल, हीही शंका रास्तच. थोडक्यात, हे माप म्हणजे काही मूर्खांचा हट्ट नव्हे. त्यामागे अनुभव आहे.

दरवर्षी इंडियानापोलिस शहरात ‘कम्बाइन’ नावाची एक विलक्षण परीक्षा भरते. देशभरातले तीनशेच्या वर महाविद्यालयीन खेळाडू तिथे येतात. त्यांची उंची, वजन, पंज्याची रुंदी, हाताची लांबी असे सगळे मोजले जाते. चाळीस यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, पळताना लागलेला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवतात. १०२ किलोंचा भार छातीवरून किती वेळा उचलला, हे मोठ्याने मोजतात. त्यानंतर वसंत ऋतूत ‘ड्राफ्ट’ होतो. बत्तीस संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने खेळाडू निवडतात, आणि आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला, त्याला पहिला मान. महाविद्यालयात खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी दोघेसुद्धा व्यावसायिक संघापर्यंत पोचत नाहीत. इतक्या अरुंद दारातून इतकी गर्दी जायची म्हटल्यावर चाळणी हवीच, आणि सर्वांत सोपी चाळणी म्हणजे फूटपट्टी.

पण फूटपट्टी नेमके काय मोजते? मोठ्या शरीराची गरज असते ती तीन कामांसाठी: रेटले न जाण्यासाठी, समोरच्याला आधी गाठण्यासाठी आणि टिकण्यासाठी. शरीर हे या तीन कामांचे साधन झाले. हीच कामे एखादा गडी दुसऱ्या साधनाने करीत असेल, तर? आखाड्यात वस्ताद सांगतातच की, जो खाली बसतो त्याला उचलणे कठीण. अमेरिकन प्रशिक्षकही शब्दांचा थोडाफार फरक करून तेच सांगतात: दोघे भिडले की ज्याचे खांदे खाली, तो जिंकतो. सहा फूट पाच इंचांच्या माणसाला त्यासाठी गुडघ्यांत वाकावे लागते, आणि चौथ्या सत्रात दमल्यावर तो वाकायचा विसरतो. सहा फूट एक इंचाचा माणूस मुळातच खाली असतो. त्यात पहिले पाऊल विजेसारखे पडले आणि हात आखूड असूनही ते चपळ असले, तर उंचीची उणीव हाच डाव होऊ शकतो. यातला ‘असले तर’ मात्र महत्त्वाचा. नुसते बुटके असणे हा काही गुण नव्हे.

याचे जुने उदाहरण जॉन रँडल. टेक्सासमधल्या हर्न गावचा हा मुलगा १९९० साली टेक्सास ए अँड आय या लहानशा महाविद्यालयातून बाहेर पडला. त्या वर्षी ड्राफ्टच्या बारा फेऱ्या झाल्या, तीनशेहून अधिक खेळाडू निवडले गेले. रँडलचे नाव कुणी घेतले नाही. त्याचा थोरला भाऊ ज्या टॅम्पा बे संघात खेळत होता, तिथेही तो अंगाने कमी ठरला. मिनेसोटा व्हायकिंग्जने संधी देऊ केली, ती वजन अमुक इतके भरले तरच. तेव्हा कपड्यांच्या आत साखळी दडवून तो काट्यावर उभा राहिला, अशी कथा त्या खेळात आजही सांगतात. पुढे चौदा हंगामांत त्याने १३७.५ सॅक केले आणि २०१० साली त्याची तसबीर नव्हे, तर चक्क अर्धपुतळा कँटनच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये बसला. ज्या शरीराला खोटे वजन लावावे लागले, त्याच शरीराने खरे काम केले.

रँडलनंतर वीस वर्षांनीही फूटपट्टी फारशी बदलली नव्हती. जॉर्जिया विद्यापीठाचा जिनो ॲटकिन्स हाही सहा फूट एक इंचाचा. २०१० साली तो थेट चौथ्या फेरीत, १२०व्या क्रमांकावर सिनसिनाटीच्या वाट्याला आला आणि पुढे आठ वेळा ‘प्रो बोल’साठी, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या संघात, निवडला गेला.

आता २०१४च्या डोनाल्डची उत्तरपत्रिका तपासू. परीक्षकाचा पहिला प्रश्न: हा एका हंगामाचा चमत्कार तर नाही? डोनाल्डचे महाविद्यालयातल्या चार वर्षांत २९.५ सॅक झाले होते. दुसरा प्रश्न: प्रतिस्पर्धी कोण होते? शेवटच्या वर्षी, २०१३ मध्ये, पिट्सबर्ग विद्यापीठ ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या बलाढ्य गटात नव्याने दाखल झाले होते. त्याच वर्षी डोनाल्डने ११ सॅक केले आणि २८.५ वेळा प्रतिस्पर्ध्याला मूळ जागेच्याही मागे पाडले. त्या हंगामात बचावपटूंना आणि लाइनमनना मिळणारे चार मोठे सन्मान त्याच्या एकट्याच्या घरी गेले.

तिसरा प्रश्न सर्वांत कळीचा: क्वार्टरबॅकच्या मागे धावणे ठीक, पण चेंडू पळवणाऱ्या संघाने अंगावर येऊन रेटले तर? जॉर्जिया टेकचा संघ तेव्हा चेंडू फेकण्यापेक्षा तो घेऊन पळण्यासाठीच प्रसिद्ध होता. त्या सामन्यात डोनाल्डने एकट्याने सहा वेळा प्रतिस्पर्ध्याला मागच्या मागे पाडले. लहान अंगाचा गडी जिथे उघडा पडायचा, नेमक्या तिथेच तो उठून दिसला. जानेवारीत अलाबामातल्या मोबिल शहरी होणाऱ्या ‘सीनियर बोल’च्या सरावात देशातले उत्तमोत्तम धिप्पाड रक्षक एकास एक त्याच्यासमोर उभे केले गेले, आणि तिथेही त्याने सर्वांची भंबेरी उडवली. मग कम्बाइन. चाळीस यार्ड ४.६८ सेकंदांत, १०२ किलोंचा भार ३५ वेळा. १२९ किलोचा माणूस इतका पळतो, याचाच अर्थ पहिले पाऊल खरे आहे. इतके उचलतो, याचा अर्थ तो नुसता चपळ नाही. वडिलांनी घराच्या तळघरात व्यायामाची साधने मांडली होती आणि शाळकरी वयापासून बापलेक पहाटे साडेचारला उठून तिथे घाम गाळत होते. ती ताकद एका हिवाळ्यात आलेली नव्हती.

तरीही त्याच्याआधी बारा नावे पुकारली गेली. यातला सर्वांत बोलका भाग पुढेच आहे. तेराव्या क्रमांकावर त्याला निवडणाऱ्या सेंट लुइस रॅम्स संघाकडे त्याच रात्री दुसरा क्रमांकही होता. तो त्यांनी ग्रेग रॉबिन्सन या आक्रमक फळीतल्या रक्षकावर खर्च केला होता. सहा फूट पाच इंच, दीडशे किलो आणि एवढे असून पाच सेकंदांच्या आत चाळीस यार्ड! मापाच्या दृष्टीने जणू साच्यातून काढलेला. २०१७ च्या उन्हाळ्यात रॅम्सने त्याला सहाव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात डेट्रॉइटला देऊन टाकले. पुढच्याच वर्षी डोनाल्डशी १३.५ कोटी डॉलरचा नवा करार केला. एकच संघ, एकच रात्र, एकाच परीक्षकांच्या दोन निवडी. एकात शरीर काय करू शकेल याचा अंदाज होता, दुसऱ्यात शरीराने काय करून दाखवले याचा पुरावा होता.

डोनाल्ड २०१७, २०१८ आणि २०२० साली वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०१८ साली त्याने एका हंगामात २०.५ सॅक केले. एव्हाना रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला होता. १३ फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात, सुपर बोलमध्ये, सिनसिनाटीला शेवटच्या दोन प्रयत्नांत फक्त एक यार्ड हवा होता. पहिल्या प्रयत्नात चेंडू घेऊन पळणाऱ्याला डोनाल्डने रोखले. दुसऱ्यात भिंत फोडून तो क्वार्टरबॅक जो बरोपर्यंत पोचला आणि चेंडू दिशाहीन उडाला. रॅम्स २३-२० असे जिंकले. रेटून थांबवणे आणि घुसून गाठणे, ही दोन्ही कामे त्या दोन क्षणांत झाली. त्याचे वजन दहा वर्षांत काही वाढवावे लागले नाही. ते २८० पौंडांच्या, म्हणजे १२७ किलोंच्या आसपासच राहिले.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे. कारण त्याच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये दुसराही एक तसाच मुलगा होता. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा विल सटन. उंची सहा फुटांहून किंचित जास्त. २०१२ साली त्याने १३ सॅक केले आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांच्या गटातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण व्यावसायिक खेळात आणखी जड शरीर लागेल, म्हणून पुढच्या हंगामाआधी त्याने वजन तीनशे पौंडांच्या, म्हणजे १३६ किलोंच्या पलीकडे नेले. त्या हंगामात सॅक १३ वरून ४ वर आले. प्रतिस्पर्धी आता त्याच्यावर दोघे-दोघे घालू लागले होते, हेही खरे. त्यामुळे सारा दोष वजनाला देता येणार नाही. त्याही वर्षी गटातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून त्याचाच गौरव झाला. पण कम्बाइनमध्ये तो धावला तो पाच सेकंदांच्या बऱ्याच वर. शिकागोने त्याला तिसऱ्या फेरीत घेतले. तीन हंगामांत त्याची तिथली कारकीर्द आटोपली.

सटन आणि डोनाल्ड यांच्यात गुणांचा फरक नव्हता असे नाही. पण सटनची गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. कारण बहुतेक मुलांच्या वाट्याला जो सल्ला येतो, तो त्याच्या वाट्याला आला: माप कमी पडते ना, मग माप वाढव. वीस-पंचवीस पौंड चढवणे एकविसाव्या वर्षी अवघड नसते. पण ते चढवताना पहिल्या पावलाची वीज गेली, तर तो मुलगा लहान राहिला नाही आणि मोठाही झाला नाही. ज्या एका गोष्टीमुळे तो इतरांपेक्षा वेगळा होता, तीच त्याने गहाण टाकली.

यात धोका केवळ कारकीर्दीचा नाही. अमेरिकन सरकारच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने निवृत्त फुटबॉलपटूंचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण खेळाडूंमध्ये मृत्यूचे प्रमाण सामान्य पुरुषांपेक्षा कमी आढळले. पण बचावफळीतल्या लाइनमनमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र जास्त होते. चढवलेले वजन खेळ संपला म्हणून आपोआप उतरत नाही. ड्राफ्टच्या दिवशी जो अंदाज चुकतो, त्याची किंमत संघ एका निवडीने मोजतो; मुलगा ती चाळिशी-पन्नाशीत शरीराने मोजतो.

डोनाल्डनंतर एक उलटी लाटही आली. आता प्रत्येक चपळ, बुटक्या टॅकलला ‘दुसरा डोनाल्ड’ म्हणण्याची चाल पडली आहे. २०२३ साली पिट्सबर्ग विद्यापीठाचाच कलायजा कॅन्सी चाळीस यार्ड ४.६७ सेकंदांत पळाला, म्हणजे डोनाल्डपेक्षा शतांश सेकंदाने सरस. टॅम्पा बेने त्याला एकोणिसाव्या क्रमांकावर घेतले. पण त्याचे हात ३१ इंचांच्याही आत भरले. डोनाल्डचे ३२ इंचांहून अधिक होते. २०२४ च्या हंगामात त्याने साडेसात सॅक केले, तो चांगलाच खेळाडू आहे. पण त्याला दुसरा डोनाल्ड म्हणणे हाही आळसच. आधी माणूस सरासरीवरून मोजत होते, आता अपवादावरून मोजतात. माणसाकडे पाहिले दोन्हीकडे नाहीच!

मग परीक्षकाने करावे तरी काय? आमच्या मते माप जरूर घ्यावे, पण ते निकाल म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून. उंची कमी भरली, तर शेरा मारू नये. उंचीचे काम हा मुलगा कशाने करतो, ते शोधावे. दोघे अंगावर आले तेव्हाचे चित्रीकरण पाहावे. सामन्याच्या अखेरीस त्याचे पाय कसे पडतात, ते पाहावे. सॅक कुणाविरुद्ध मिळाले आणि कसे मिळाले, हे तपासावे. नंतर आपल्या संघात त्याला जागा कुठली, याचे खरे उत्तर द्यावे. कारण काही संघ लाइनमनला एकाच फटीतून तिरासारखे घुसायला सांगतात; काही त्याला जागच्या जागी ठाण मांडून दोन फटी सांभाळायला लावतात. पहिल्या कामात चपळ गडी सोने होतो, दुसऱ्या कामात त्याची माती होते. दोष मग सोन्याचा म्हणायचा की सोनाराचा?

आणि एवढे सगळे पाहूनही उत्तर ‘नाही’ असेच आले, तर ते स्वच्छ सांगावे. बहुतेक वेळा ते ‘नाही’च असेल. त्यात मुलाचा अपमान नाही. अपमान आहे तो ‘अजून दहा किलो वाढव, मग बघू’ या गुळमुळीत आशेत. त्या आशेवर मुले एकेक वर्ष काढतात, अभ्यास मागे टाकतात, खाण्याचा आणि औषधांचा मारा सोसतात आणि शेवटी तेच ‘नाही’ उशिरा ऐकतात. विद्यापीठाची पदवी हाती असलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाला वेळेवर मिळालेला नकार पचतो. सव्वीसाव्या वर्षी, सुजलेले गुडघे घेऊन ऐकलेला नकार पचत नाही.

फूटपट्टी खोटे बोलत नाही, हे खरे. पण तिला जेवढे विचारले, तेवढेच ती सांगते. उरलेले विचारण्याचे कष्ट माणसालाच घ्यावे लागतात, आणि जो मुलगा मापात थोडा कमी भरला, त्याचा हे कष्ट मागण्याचा हक्क इतरांपेक्षा थोडा जास्तच आहे.